सर घरी सोडतात, त्यात काय?

कोजागिरीच्या रात्री मसाला दूध पिता पिता माणसं जे बोलतात ते फारसं मनावर घ्यायचं नसतं. पण यंदा न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका मराठी घराच्या मागच्या अंगणात आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी पेला खाली ठेवून छोटंसं भाषणच केलं, आणि जमलेल्या पंधरा-वीस आईबापांनी माना डोलावल्या. भाषणाचं मला काही वाटलं नाही. डोलणाऱ्या मानांचं वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

निमित्त होतं मुलांच्या सॉकर क्लबकडून आलेलं पत्रक. (सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. इथे फुटबॉल म्हटलं की लोक तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ समजतात.) पत्रकात मोजकंच होतं. कोचनं एकट्या मुलाला आपल्या गाडीतून घरी सोडायचं नाही. मुलाला मेसेज करायचा तर त्यात पालक किंवा दुसरा एखादा मोठा माणूस हवाच. कोचला मुलाशी वेगळं बोलायचं असेल तर इतरांना दिसेल आणि कुणालाही मध्ये येता येईल अशा जागी बोलायचं. मुक्कामाच्या टूर्नामेंटला, स्वतःच्या घरचं मूल सोडून, कुठल्याही मुलाच्या खोलीत मोठ्या माणसानं झोपायचं नाही.

स्नेह्यांचं म्हणणं असं: हा अमेरिकनांचा कायद्याचा सोस आहे. आपल्या टीमचे सर सहा वर्षं पोरांना शिकवताहेत, आपल्या घरी पुरणपोळी खाऊन गेलेत, त्यांचा बॅकग्राउंड चेक झालेला आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, मग संध्याकाळी सहाला मैदानावर पोचणार कोण? सर घरी सोडतात, त्यात काय? आणि मग टाळीची जागा हेरून: ज्या संस्कृतीत गुरूला ब्रह्मा-विष्णूच्या रांगेत बसवतात तिथली माणसं आपण; गुरूवरच पाळत ठेवायची?

मी या टीमचा असिस्टंट कोच. पगार शून्य, शिट्टी, कोन आणि चेंडूंची जाळी एवढाच बारदाना. म्हणजे ज्या गुरूवर पाळत ठेवली म्हणून स्नेही हळहळले, त्यातला एक गुरू मीच. अपमान झाला की नाही हे सांगायचा पहिला हक्क माझा. झाला नाही.

आधी या गुरूचंच बघू. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल वाढला तो तालमींच्या अंगाखांद्यावर. संघांची नावंच ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर यांची मॅच असली की पेठाच्या पेठा गॅलरीत जाऊन बसतात. आमच्या लहानपणी वस्तादांचा धाक असा, की ते समोरून येताना दिसले की आम्ही बोळ बदलायचो. पण आज आठवून बघतो, तर त्यांच्याबरोबर मी एकटा असा कधीच नव्हतो. हौद्याभोवती कायम दहा-वीस माणसं. कुणी जोर मारतोय, कुणी माती उकरतोय, बाहेर कट्ट्यावर दोन म्हातारे एकच पेपर वाटून वाचताहेत. मैदानावरून घरी जायचं ते चालत, घोळक्यानं, वाटेत कुणाची तरी आजी दारातून हाक मारणार. पत्रकात 'दिसेल आणि मध्ये येता येईल अशा जागी' म्हणून जे लिहावं लागलंय, ते आमच्या पेठेत आपसूक होतं. गुरूबरोबरचा एकांत ही आपली परंपरा कधीच नव्हती. ती उपनगरातल्या मिनीव्हॅनची देणगी आहे. इथे फुटपाथ नाही, घोळका नाही, कट्टा नाही. आहे ती काळ्या काचांची गाडी आणि वीस मिनिटांचा रस्ता. पेठ गेली तेव्हा तिच्याबरोबर तिचे डोळेही गेले. तेवढे आता कागदावर लिहून आणावे लागतात.

याचा अर्थ तालमीत सगळं आलबेल होतं असा मी काढत नाही. एखाद्या पोरानं तेव्हा काही सांगितलं असतं तर त्यालाच घरी दोन ठेवून दिल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. संस्कृतीची ढाल पुढे करणाऱ्यांनी केंद्र सरकारचा 2007 चा अहवाल एकदा बघावा. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो केला होता. निम्म्याहून जास्त, 53.22 टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. करणारे निम्मे जण ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते, आणि बहुतेक मुलांनी कुणाकडे चकार शब्द काढलेला नव्हता.

ओळखीचे. स्नेह्यांचा सगळा युक्तिवाद या एका शब्दावर उभा आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

लॅरी नासर हा अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत नोकरी. राष्ट्रीय संघाच्या कडक कॅम्पात पोरींना मोजूनमापून खायला मिळे, तेव्हा गुपचूप खाऊ आणून देणारा प्रेमळ माणूस अशी त्याची ख्याती. दुखऱ्या पाठीवर, खुब्यावर उपचार करतो म्हणून त्यानं वर्षानुवर्षं शेकडो मुलींवर अत्याचार केले, आणि यातल्या कितीतरी वेळा मुलीची आई त्याच खोलीत खुर्चीवर बसलेली होती. तो फक्त टेबल आणि खुर्ची यांच्या मध्ये उभा राहायचा. 2016 मध्ये इंडियानापोलिस स्टार या वृत्तपत्रानं प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या कोर्टानं त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा दिली. युनिव्हर्सिटीनं 332 जणींना मिळून 50 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. खोलीत बसलेल्या त्या आया काही मूर्ख नव्हत्या, बेफिकीरही नव्हत्या. त्या नासरला ओळखत होत्या, एवढाच त्यांचा दोष.

दुसरा माणूस खुद्द आपल्या खेळातला. बॅरी बेनेल, इंग्लंडमधला पोरांचा नावाजलेला कोच. आईबाप मुलांना त्याच्या घरी मुक्कामाला आपणहून पाठवत, कारण त्याच्या हाताखाली पोर मोठ्या क्लबात जाईल ही आशा. तो पहिल्यांदा सापडला कुठे? आपल्या याच अमेरिकेत, फ्लोरिडात, पोरांची टीम दौऱ्यावर घेऊन आला होता तेव्हा, 1994 मध्ये. इथल्या कोर्टात गुन्हा कबूल करून चार वर्षांची शिक्षा घेतली. त्याच्या देशात प्रकरणाची खरी व्याप्ती कळायला 2016 साल उजाडलं, जेव्हा अँडी वुडवर्ड नावाचा माजी खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा देऊन बोलला. फ्लोरिडाच्या आधी बेनेलचा बॅकग्राउंड चेक केला असता तर कोरा आला असता. नासरचाही 2016 पर्यंत कोरा. तो चेक एवढंच सांगतो की हा माणूस अजून पकडला गेलेला नाही.

आता स्नेही म्हणतील, बघा, आई खोलीत होती तरी झालं; मग 'दिसेल अशा जागी' वगैरे नियमांनी काय होणार? प्रश्न रास्त आहे. कोजागिरीला तो त्यांनी विचारला असता तर मी दूध अर्धवट टाकून त्यांच्यापाशी जाऊन बसलो असतो.

त्याचं उत्तर मला अहवालांत सापडलं नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मैदानाच्या कडेला सापडलं. प्रॅक्टिस संपली होती, अंधार पडत होता, सगळ्या गाड्या निघून गेल्या आणि एक अकरा वर्षांचा पोरगा उरला. त्याची आई न्यूयॉर्कहून यायची होती, तिची गाडी वाटेत अडकलेली. पोराचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी त्याला गाडीत घेतलं नाही. शेजारच्या मैदानावर दुसऱ्या टीमचे एक कोरियन वडील सामान आवरत होते, त्यांना थांबायची विनंती केली. त्यांनी काही न विचारता गाडीचे हेडलाइट आमच्याकडे वळवले, आणि आम्ही तिघं कर्बवर बसून चाळीस मिनिटं संत्र्याच्या फोडी खात राहिलो. पोरगा फुगला होता. "काका, तुमचं घर तर आमच्या शेजारीच आहे." मी म्हटलं, "हो." "मग?" "मला परवानगी नाही." तो जरा वेळ शिनगार्डचा पट्टा काढत-लावत बसला. मग म्हणाला, "ओके," आणि उरलेल्या फोडी त्या कोरियन काकांपुढे केल्या. आई आली ती धापा टाकत, ओशाळलेली, आणि थोडी माझ्यावर वैतागलेली. "अहो दादा, दोन मिनिटांवर घर, सोडायचं ना!"

इथवर हा किस्सा माझ्या गैरसोयीचा आहे. खरी गंमत हिवाळ्यात झाली. इनडोअर सीझनला बदली म्हणून आलेला एक तरुण ट्रेनर दुसऱ्या एका मुलाला म्हणाला, चल, तुला सोडतो. तो बिचारा चांगल्या मनानंच म्हणाला असणार. तेव्हा माझा हा फुगरा बूट काढता काढता मोठ्यानं म्हणाला, "दॅट्स नॉट अलाऊड." सगळ्यांसमोर. ट्रेनर हसला, किल्ली खिशात घातली, "यू आर राइट" म्हणाला आणि त्या मुलाच्या वडिलांची वाट बघत दाराशी उभा राहिला. बस, एवढंच. त्या ट्रेनरच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही पडली नाही.

स्नेह्यांना मला सांगायचंय ते हे. नियम नसेल तर त्या मुलापुढे, माझ्यापुढे, दाराशी उभ्या आईपुढे दोनच वाटा राहतात: गप्प बसा, नाहीतर एका भल्या माणसावर भयंकर आरोप करा. कुठलाही सभ्य माणूस गप्प बसणार. अकरा वर्षांचं पोर तर बसणारच. नियम असला की तिसरी वाट उघडते. "सर, हे चालत नाही ना?" एवढं म्हणता येतं, त्यात कुणाची अब्रू जात नाही. तुम्ही म्हणता नियम म्हणजे संशय. उलट आहे. नियम नसतो तेव्हाच माणसाला माणसावर संशय घ्यावा लागतो. नासरच्या खोलीतल्या आईला कुणी आधीच सांगून ठेवलं असतं की डॉक्टरनं हातमोजे घालायचे, काय करणार ते आधी सांगायचं, आणि तुमच्या नजरेआड काही करायचं नाही, तर तिला त्याच्यावर शंका घ्यायची गरजच नव्हती. "डॉक्टर, जरा बाजूला सरा" एवढं ती म्हणू शकली असती. बहुधा म्हणालीही असती. तिच्यापाशी डोळे होते. बोलायला वाक्य नव्हतं.

आणि बोलायचं कुणाशी, हाही मुद्दा आहेच. आपल्या मंडळींची पहिली प्रतिक्रिया मला पाठ आहे: आधी सरांच्या कानावर घालू, मग कमिटीला सांगू, घरातलं घरात मिटवू. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत हेच झालं. फेब्रुवारी 2001 मध्ये एका तरुण सहायकानं जेरी सँडस्की या माजी कोचला लॉकर रूमच्या शॉवरमध्ये एका मुलाबरोबर पाहिलं. त्यानं दुसऱ्या दिवशी हेड कोचला सांगितलं, त्यांनी वरच्यांना, त्यांनी आणखी वरच्यांना. प्रत्येकानं आपलं कर्तव्य केलं आणि पोलिसांना कुणीच फोन केला नाही. सँडस्कीला अटक झाली नोव्हेंबर 2011 मध्ये. मधली बहुतेक वर्षं तो गरजू मुलांसाठी स्वतःच काढलेल्या धर्मादाय संस्थेचा दयाळू चेहरा होता. 2012 मध्ये 45 गुन्ह्यांत दोषी ठरला. 2017 मध्ये युनिव्हर्सिटीच्या माजी अध्यक्षासकट तीन वरिष्ठांनाही मुलांना धोक्यात लोटल्याबद्दल कैदेची शिक्षा झाली. आपल्याकडचं ऑगस्ट 2024 मधलं बदलापूर आठवा. शाळेत अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या दोन चिमुरड्या, आणि गुन्हा नोंदवून घ्या म्हणून पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत बसलेले आईबाप. लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे वरची यंत्रणा हलली. अब्रू सांभाळणं म्हणजे काय आणि ते कुणाच्या जिवावर, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

न्यू जर्सीत कायदा साधा आहे. मुलावर अत्याचार होतोय असं मानायला वाजवी कारण असलेल्या कुणीही, शेजारी असो वा आजोबा, थेट राज्याच्या बालसंरक्षण विभागाला कळवायचं. पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नाही, आणि सद्‌हेतूनं कळवलं तर तुमच्यावर दावा लागत नाही. शिवाय नासर प्रकरणानंतर फेब्रुवारी 2018 मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार राष्ट्रीय खेळसंघटनांच्या छत्राखालच्या मोठ्या माणसांना 24 तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. त्यात बिनपगारी शिट्टीवाला मीही आलो. 24 तासांत मंडळाची कमिटी चहाला जमत नाही.

"पोरांवर जरा ओरडलं की लगेच छळ!" असाही एक टोमणा त्या रात्री झाला. तर ऐका. अमेरिकेच्या सॉकर फेडरेशननं सॅली येट्स या माजी प्रभारी ॲटर्नी जनरलना स्त्रियांच्या व्यावसायिक लीगची चौकशी करायला सांगितली. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की तिथल्या कोचांच्या दुर्वर्तनाची मुळं पोरींच्या क्लब सॉकरमध्ये आहेत. घालूनपाडून बोलणं हीच तिथे कोचिंगची रीत मानली जाते, कोच आणि खेळाडू यांच्यातली रेघ तिथेच पुसट होते. पोरगी मोठी होईतो तिला वाटू लागतं की हे असंच असतं. पोर्टलंडच्या संघानं 2015 मध्ये पॉल रायली या कोचला तक्रारीनंतर गाजावाजा न करता सोडून दिलं, आणि काही महिन्यांत दुसऱ्या संघानं त्याला घेतलं. पुढे तो विजेतेपदंही जिंकला. 2021 मध्ये सिनेड फॅरेली आणि माना शिम या दोन खेळाडू जाहीर बोलल्या तेव्हा त्याची नोकरी गेली, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याच्यावर लीगची कायमची बंदी आली. 'चांगला कोच आहे, थोडा तापट आहे' हे वाक्य मीही टचलाइनवर उभं राहून उच्चारलेलं आहे. आता जीभ चावतो.

एवढं म्हटल्यावर क्लबवाल्यांनाही सोडून चालणार नाही, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांचा वकील. सक्तीचं ऑनलाइन ट्रेनिंग मी कसं पुरं केलं? ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, 'नेक्स्ट' दाबत. सर्टिफिकेट आलं, क्लबनं फाइलला लावलं, काम संपलं. डेन्व्हरमध्ये 2017 पासून याच कामासाठी सेफस्पोर्ट नावाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांनी नेमलेल्या एका माजी पोलीस तपासनिसावर बलात्कारासह गंभीर गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल 2025 मध्ये केंद्राच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. रखवालदाराच्या निवडीतच गफलत! तेव्हा डेन्व्हर आपल्या पोरांकडे बघेल या भरवशावर मी नाही. कागदावरचा नियम मैदानावर राबवला तो एका अकरा वर्षांच्या पोरानं, आणि त्याला तो माहीत होता कारण कुणीतरी त्याच्याबरोबर कर्बवर चाळीस मिनिटं बसलं होतं. पालकांना पत्रक पाठवणारा आमचा क्लब ते मुलांना मात्र वाचून दाखवत नाही. भांडायचंच असेल तर त्यावरून भांडा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

आणि सहा वाजताच्या अडचणीवरूनही भांडा. ती अडचण खरी आहे. माझीही तीच आहे. खरं सांगायचं तर त्या भाषणातला तेवढाच भाग अस्सल होता. गुरू, संस्कृती, ब्रह्मा-विष्णू ही सगळी त्या अडचणीवर चढवलेली झूल. झूल काढून ठेवली की प्रश्न सुटण्याजोगा दिसतो. इतकी फी घेणारा क्लब प्रॅक्टिसनंतर शेवटचं मूल जाईपर्यंत थांबणारी दोन माणसं ठेवू शकत नाही? तीन घरांनी मिळून वार वाटून घेतले, आणि एका गाडीत दोन-तीन पोरं एकत्र नेली, तर कुणाला सरांच्या गाडीची गरज पडेल? आपल्यात गणपतीच्या शंभर माणसांच्या प्रसादाचं नियोजन करणाऱ्या वहिनी आहेत, त्यांना मंगळवार-गुरुवारचा तक्ता जड नाही.

खोट्या तक्रारीचं भय? मला विचाराल तर ज्यानं कधी कुणाच्या पोराला एकट्याला गाडीत घेतलं नाही, त्याला ते सगळ्यात कमी. पण हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी आणि एका ओळीत ठेवतोय. नियम माझ्यासाठी केलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियात दोन रात्रींच्या मुक्कामाची टूर्नामेंट आहे. हॉटेलच्या खोल्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. स्नेह्यांचा नातू आमचा लेफ्ट बॅक, डाव्या पायाचा, गुणी पोरगा. त्याच्या आईबाबांना शनिवारी काम आहे, म्हणून परवा स्नेह्यांचा फोन आला: "अरे, त्याला तुझ्याच गाडीतून ने की, तू काय परका आहेस?" मी म्हटलं, नेतो, पण पुढच्या सीटवर तुम्ही हवेत आणि त्याच्या खोलीत आजोबा म्हणून तुम्हीच झोपायचं. फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं. साडेपाच, मी म्हटलं. थर्मासमध्ये चहा मी आणतो.